टेबलांची तोंडं

कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी १९८१

प्रिय इलाही,

काल तुझ्या गिरणीवर आलो तो जोंधळे दळायला आलो नव्हतो, हे तू ओळखलं असशीलच. माझ्या घरासमोर गिरण असताना कोण शहाणा सायकलच्या कॅरियरला दहा किलो जोंधळे बांधून गडमुडशिंगीपर्यंत येईल? आमची हीसुद्धा दारात उभी राहून म्हणाली, "पीठ आणायला निघालायसा का देशाटनाला?" मला तुझ्याशी बोलायचं होतं. दोन तास तुझ्या दारातल्या पोत्यावर बसलो, दोनदा चहा प्यालो, पीठ घेतलं आणि परत आलो. तोंडानं जमलं नाही ते आता कागदावर उतरवतोय. लांबण लागली तर शिव्या घाल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी कारखान्याची हकीकत. शिरोलीला नवी इमारत उभी राहिली आहे. उन्हाळ्यात आपलं ऑफिस तिकडे हलणार. माणसं वाढली, पंपांची मागणी वाढली, जुन्या जागेत आता पाय ठेवायला जागा नाही. नव्या ऑफिसात टेबलं कुठं, कपाटं कुठं, फोन कुठं, हे ठरवायचं काम धाकट्या मालकांनी मलाच दिलंय. "मागच्या मांडणीनं कामाचा उरक दीडपट झाला, आताही तुम्हीच करा," असं म्हणाले. पंधरा दिवस झाले, मी कागदावर रेघ ओढलेली नाही. मागच्या मांडणीचं नाव निघालं की मला तू आठवतोस. तू राजीनामा देऊन गेलास त्याला येत्या पाडव्याला दोन वर्षं होतील. तुझ्या फाइलीत तीन मेमो आहेत आणि तिन्हींत 'निष्काळजीपणा' हा शब्द आहे. तिन्ही मीच लिहिलेले, माझ्या सहीचे. त्या शब्दापायीच हे पत्र लिहायला बसलोय.

आपलं जुनं ऑफिस आठवतंय? सात टेबलं एकमेकांना लावून केलेला तो चौकोन आणि सगळ्यांची तोंडं आत. तुझ्या बरोबर समोर फोन आणि फोनपाशी मी. बार्शीचा नाहीतर विट्याचा दुकानदार ट्रंक कॉलवर घसा फोडून ओरडायचा, मी इकडून ओरडायचो, "बार्शी, पाचाचे दोन!" आणि तू मान न हलवता ट्रकच्या बिल्टीच्या कागदावर 'पाच हॉर्सपॉवर, दोन पंप' लिहून मोकळा. दुसऱ्यांदा कधी विचारलं नाहीस. डिस्पॅचला तुझ्यासारखा माणूस नाही, असं थोरले मालक चारचौघांत म्हणायचे. फक्त समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची तुझी खोड तेवढी होती. शालूबाई टायपिंग थांबवून म्हणायच्या, "इलाहीभाऊ, माझ्या दातात काय अडकलंय व्हय?" आपण सगळे हसायचो. तूही हसायचास.

मग धाकटे मालक पुण्याला कुठल्याशा वर्गाला जाऊन आले आणि येताना एक चोपडं घेऊन आले. ऑफिसची मांडणी बदलली की माणसं कशी जास्त काम करतात, ते त्यात चित्रांसकट होतं. समोरासमोर बसलेली माणसं गप्पा मारतात, फोनजवळ बसलेल्याचं लक्ष उडतं, शिपायाची फुकटची चाल म्हणजे कारखान्याचा तोटा. चोपडं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "सयाजीराव, करून दाखवा." मला तर चेवच चढला. एक अख्खा दिवस मी पेन्सिल घेऊन पिराजी शिपायाच्या मागं त्याची पावलं मोजत फिरलो. दुपारी तो वैतागून थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "सायेब, माझ्या मागं वरात काढलीया का? काय चुकलं असंल तर सांगा की!" पण पावलं मोजली बरं का! साडेचार हजार भरली. कपाटं हलवल्यावर ती निम्म्यावर आली.

खोटं कशाला बोलू, त्या मांडणीत चांगलंही पुष्कळ होतं. शालूबाईंचं टेबल चार बोटं कापून खाली घेतलं, उजेड डाव्या बाजूनं येईल असं बसवलं, तर त्यांची सहा वर्षांची मानदुखी महिन्यात गेली. अजून त्या दुवा देतात. पत्रं दिवसाला चाळीस निघायची ती साठाच्या वर गेली. सगळी टेबलं मी खडूनं आखून एकामागं एक लावली, सगळ्यांची तोंडं मालकांच्या काचेच्या केबिनकडं. फोन नेला पार मागच्या कोपऱ्यात, कुणाला त्रास नको म्हणून. फोनपाशी मी. माझ्यापुढं सगळ्यांच्या पाठी, आणि त्यात तुझी पाठ सगळ्यात पुढं, दाराजवळ, कारण ट्रकवाले तिथं येतात. कागदावर काय सुरेख दिसत होतं, गड्या! मला बढती मिळाली आणि हातांची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत बसून मी तुझ्या पाठीकडं बघायचो.

फोन वाजला की तू वळायचास. इतर कुणी वळायचं नाही, तूच. खुर्ची करकरायची, तू अख्खा मागं फिरायचास आणि माझ्याकडं बघत बसायचास. काचेतून धाकट्या मालकांना ते दिसायचं. "हा माणूस सारखा मागं वळून काय बघतो?" त्यांनी मला विचारलं, आणि मी पहिला मेमो लिहिला. 'कामाच्या वेळी वारंवार मागे वळून पाहणे, निष्काळजीपणा.' तू वाचलास, सही केलीस आणि वळणं बंद केलंस. त्या आठवड्यापासून चुका सुरू झाल्या. सांगोल्याचे पंप सांगलीला गेले. कागलचे कागवाडला गेले. सांगोल्याचा दुकानदार फोनवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, शेतकरी त्याच्या दारात बसून होते. दुसरा मेमो, तिसरा मेमो. तू उभा राहून ऐकून घ्यायचास. मी तावातावानं बोलायचो आणि तू माझ्या तोंडाकडं बघायचास. मला वाटायचं, काय निगरगट्ट माणूस आहे! हे मी घरी बोलूनही दाखवलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटली म्हणून गाळत नाही.

तू गेल्यावर तुझ्या जागी आलेल्या गुंडूनं दोन दिवसांत कटकट केली की मागून ओरडलेलं नीट कळत नाही, चिठ्ठी लिहून द्या. चांगल्या कानाचं तरणंताठं पोरगं! मी चिठ्ठी सुरू केली. गावाचं नाव, पंप, नग, खाली सही. चुका थांबल्या. वर्षअखेरीच्या अहवालात मी काय लिहिलं माहीत आहे? 'नव्या मांडणीमुळे डिस्पॅचमधील चुका संपूर्ण बंद झाल्या.' एका चिठ्ठीचं काम होतं, इलाही. ते माझ्या डोक्यात तुझ्यासाठी आलं नाही. एवढंच कबूल करायला काल आलो होतो.

आता कालचं सांगतो. तुझी गिरण धडधडत होती. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. ती हिरव्या लुगड्यातली म्हातारी डबा पुढं करून काहीतरी पुटपुटली, मला अक्षर कळलं नाही, आणि तू लगेच म्हणालास, "जाडसर? धोंडुबाई, गेल्या खेपंला बारीक मागितलंतासा की!" मग दुसरी आली, तिसरी आली, कुणी ओरडत नव्हतं, तू सगळ्यांशी आरामात बोलत होतास. पट्टा बंद केल्यावर मी पाठीमागून तुला हाक मारली, तुझी किल्ली खाली पडली होती म्हणून. दोनदा मारली. तू वळला नाहीस. मग सलमावहिनी चहा घेऊन आल्या. त्या तुझ्या मागून आल्या, पण बोलल्या नाहीत. वळसा घालून तुझ्या समोर आल्या, खांद्याला हात लावला आणि मग म्हणाल्या, "चाय घ्या." अगदी सवयीनं. मी हातातली किल्ली वहिनींकडं दिली आणि सायकल काढली. माझं तोंड बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

उचगावपर्यंत मी सायकल हातात धरून चालत आलो. उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जात होत्या, त्यांचंही भान नव्हतं. घरी आल्यावर आरशासमोर उभा राहिलो आणि 'सांगोला', 'सांगली' असं म्हणून बघितलं. सांगोला म्हणताना ओठ गोल होतात, सांगली म्हणताना होत नाहीत. ही म्हणाली, "डोक्यावर परिणाम झाला का काय!" नऊ वर्षं तू फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतलेलं लोखंड, घासायच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या शेडमध्ये काढलीस. तिथून ऑफिसात आलास तेव्हा कान घेऊन आलासच नव्हतास, फोनची घंटा आणि आरडाओरडा तेवढा कळत असेल, शब्द नाहीत, आणि आम्ही सहा माणसं सात वर्षं तुझ्यासमोर बसून दातात काय अडकलंय म्हणून हसत होतो.

मला तुझा रागही आला, तो सांगतोच. लेका, एवढी दोस्ती आपली, माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तू नाचलास, आणि मला सांगितलं नाहीस? मग आकाराम आठवला. त्याच शेडमधला, ऐकू येत नाही म्हणून ज्याला हिशेब देऊन घरी बसवलं, तो. त्याचा कागदही मीच टाइप करून घेतला होता आणि तू समोर बसला होतास. म्हणून बहिरा ठरण्यापेक्षा निष्काळजी ठरणं तुला परवडलं. आणि अगदीच सांगितलं नाहीस असंही नाही. मी खडूनं फरशी आखत होतो त्या संध्याकाळी तू माझ्याजवळ उकिडवा बसलास आणि म्हणालास, "सया, माझं टेबल तेवढं फोनकडं तोंड करून ठेव की." मी हसलो. म्हणालो, एक टेबल उलटं ठेवलं तर सगळ्या नकाशाची शोभा जाईल. तू बरं म्हणालास आणि उठलास. का ठेवू, एवढं मी विचारलं नाही. साधा एक शब्द, 'का'. पिराजीची साडेचार हजार पावलं मोजणाऱ्याला तेवढा सुचला नाही.

आता हे का लिहिलं ते सांगतो. नव्या ऑफिसात डिस्पॅचला दोन माणसं लागणार आहेत. आज सकाळी मी धाकट्या मालकांना म्हणालो, इलाहीला परत बोलवा. त्यांनी तुझी फाइल मागवली आणि तिन्ही मेमो माझ्यापुढं ठेवले. मी सांगितलं, हे चूक आहेत, दोष मांडणीचा होता आणि मांडणी माझी होती. ते म्हणाले, "कारण काय ते लिहून द्या, मग बघू." माणूस वाईट नाही, पण बघू म्हणजे काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. कारण लिहायचं तर तुझे कान लिहावे लागतात, आणि ते सांगायचा हक्क माझा नाही. शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे. तू व्हय म्हणालास तर सगळं लिहितो, मेमो रद्द करून मागतो आणि तुला समोरासमोर बसवल्याशिवाय नकाशा हातातून सोडत नाही. न्हाय म्हणालास तर तुझ्या कानांचं अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. फक्त 'मेमो चुकीचे, जबाबदार मी' एवढं माझ्या सहीनं फाइलीत लावतो, मग मालक मला काय म्हणायचं ते म्हणोत. गिरणीवर तुझं बरं चाललंय, तिथंच राहावंसं वाटलं तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. एका कार्डावर काय ते एका शब्दात लिही. तू रागावला असशील, आणि रागाव. पण या खेपेला मी विचारतोय, इलाही.

तुझाच,
सयाजी