खोटी चतुर्थी

१४ जुलै, सोमवार

आज पुन्हा संकष्टी. पुन्हा साबुदाणा! प्रभावतीकाकू, म्हणजे आमच्या घरमालकीण, सकाळीच डबा घेऊन वर आल्या. "ज्योत्स्ना, खिचडी गरम हाय, जल्दी खाऊन घे." खाल्ली. दिवसभर पोटात आग. कंपनीत बियाण्याची उगवण तपासता तपासता नुसते ढेकर.

हा उपास मी का धरते? भित्री आहे म्हणून. गेल्या वर्षी खोली बघायला आल्ते तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "जाधव म्हणजे आपल्यातलेच ना?" मी मान हलवली. तोंडानं खोटं बोलले न्हाई, मानेनं बोलले! मंग त्या म्हणाल्या, "चतुर्थी धरती का?" तर मी चक्क हो म्हणाले. कुणी मागितलं होतं? आता दर महिन्याला भोग.

छप्पन सालानंतर आजोबांनी घरातले देव नदीत सोडले. अन् त्यांची नात नवीन जालन्यात बसून चतुर्थीची खिचडी खाऊन राह्यली. वा!

२० जुलै, रविवार

बाबांचा फोन. काकू जिन्यातच गहू निवडत होत्या. बाबा म्हणाले, "जय भीम, बाळा." मी म्हणाले, "हां, बोला." केदारखेड्याच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना घेणारा माणूस तो. त्याच्या लेकीला दोन शब्द बोलता येईनात!

"येऊ का एखाद्या रविवारी? तुझी खोली पाहिलीच न्हाई अजून."

"नका येऊ बाबा, लई काम हाय."

"बराबर हाय. आता पक्की झाली ना नोकरी, मंग काम असणारच."

त्यांनी दिलेला बाबासाहेबांचा फोटो कपाटात आहे. साड्यांच्या खाली, पालथा. लाज वाटते. पण लाजेपेक्षा भीती मोठी. खोली गेली तर? परत दारोदार आडनावाची चौकशी. आधीच्या तीन घरांत खरं सांगितलं होतं, तिन्ही घरांचे पाहुणे नेमके त्याच आठवड्यात येणार होते!

९ ऑगस्ट, शनिवार

झालं! मंगळवारी अंगारकी, अन् काकू म्हणतात राजूरला चल. "नोकरी पक्की झाली, गणपतीच्या पाया पडायला नको का?"

राजूर! तिथून आमचं गाव हाकेच्या अंतरावर. अंगारकीला अर्धं केदारखेडा तिथं असतं. कुणी लांबून 'जय भीम, ज्योत्स्ना' म्हणून हाक मारली की संपलं. पोटात दुखतंय म्हणावं, पाळी आली म्हणावं, काहीतरी म्हणावं. काय म्हणाले? "रजा टाकते काकू." शाबास!

आईला फोनवर सांगून टाकलं. ती म्हणे, "बाबांना नको बोलू." मी कशाला बोलते?

१२ ऑगस्ट, मंगळवार

कसं लिहू.

रांगेत उभ्या होतो. माणसाला माणूस चिकटलेलं. काकूंनी माझा हात धरलेला. रांग वळली तर समोरच्या बाजूला बाबा! इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं.

अन् मी मान खाली घातली. स्वतःच्या बापाला बघून!

ते अगदी जवळ आले. काकूंचा पदर बांबूत अडकला होता, तो त्यांनी सोडवला. "ताई, सांभाळून. पुढं सरका." माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी कुणीच न्हाई. मंग गर्दीतून वाट काढत बाहेर निघून गेले. काकू म्हणतात, "बघ, चांगली माणसं अजून हायेत जगात."

दर्शन झालं का, काय झालं, काही आठवत न्हाई.

आईनंच सांगितलं असणार, पोरगी राजूरला येतेय म्हणून. खोलीवर येऊ देत न्हाई, तर बिचारा रांगेत लेक बघायला आला. वर माझं खोटंही त्यांनीच सांभाळलं. काय लायकीची आहे मी!

१३ ऑगस्ट, बुधवार

सांगितलं. बाकीचं उद्या लिहीन.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल कामावरून आले ती सरळ काकूंच्या दारात. विचार केला असता तर गेलेच नसते.

"काकू, हातोडी द्या."

"कशाला गं?"

"फोटो लावायचाय."

"गणपतीचा?"

"बाबासाहेबांचा."

काकू हातोडी घेऊन तशाच उभ्या. मी म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत. काल तुमचा पदर सोडवला ना, ते माझे वडील." एका दमात! आवाज फाटला होता, पण निघाला.

"मंग उपास?"

"तोही खोटाच."

"जातीचं मला काही न्हाई बाई. पण देवाशी खोटं?"

"देवाशी न्हाई काकू. तुमच्याशी."

हातोडी त्यांनी हातात दिली न्हाई, पायरीवर ठेवली. मी उचलली. फोटो लावला. भिंतीचा पोपडा उडाला, खिळा वाकडा गेला, पण लागला. हातोडी परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "ठेव तिथंच."

जातीचं काही न्हाई म्हणे!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अंगारकीच्या खिचडीचा डबा घासून खाली दिला. वरून पाहिलं, काकू तोच डबा नळाखाली परत घासत होत्या. राख घेऊन. वर्षभर याच बाईनं मला लेकीवाणी वाढलं. डोळ्यांत पाणी आलं अन् रागही आला, आधी काय आलं ठाऊक न्हाई.

१७ ऑगस्ट, रविवार

"महिनाअखेरीला खोली लागंल आम्हाला. भाचा येऊन राह्यलाय शिकायला."

आला! मला वाटलंच होतं, हा भाचा कुठं राह्यला इतके दिवस.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दोन खोल्या बघितल्या. आता दारातच सांगते, आम्ही बौद्ध, चालेल का? पहिल्या घरी, "विचारून कळवतो." दुसऱ्या घरी बाई माझ्याकडं बघतच राहिली, मंग दार लावलं.

मज्जा म्हणजे, ज्याची वर्षभर धास्ती घेतली ते एवढंच निघालं. दार लावतात. वाईट लई वाटतं, रात्री जेवण जात न्हाई. पण छातीत धडधडत न्हाई. यासाठी बारा महिने साबुदाणा खाल्ला!

जिन्यातून बाबांना फोन केला. मोठ्यानं म्हणाले, "जय भीम बाबा! रविवारी या." खाली काकूंचा टीव्ही एकदम बारीक झाला. होऊ दे.

२४ ऑगस्ट, रविवार

बाबा आले. भिंतीवरचा फोटो बघत उभेच राहिले. मी रडून सगळं सांगितलं. म्हणाले, "तू एवढी खरी वागली, मंग मलाबी सांगावं लागंल. त्या दिवशी मी तुला बघायला न्हवतो आलो. तू येणार हे मला कुठं ठाऊक! तुझी नोकरी पक्की झाली तर गणपतीला नारळ फोडीन म्हणून बोललो होतो, गुपचूप. तू दिसली अन् मीच भेलो."

मंग मी विचारलं, "फोडला का?"

"न्हाई. तसाच माघारी नेला. तुझ्या आईला म्हणालो, बाजारातून आणला. चटणी केली तिनं."