टेकडीची उभी वाटणी

मी, अनुसया महागू शेंडे, निवृत्त शिक्षिका, तहसील किरनापुर, जिल्हा बालाघाट, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे गेले आहेत, पण सही काही गुडघ्यांनी करायची नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा रजत व मुलगी नूतन यांना समसमान. शिवणयंत्र नूतनला. त्यावरून कोणी तोंड वाकडं करू नये.

२. टेकडी. आमच्या घरात भाऊ वेगळे झाले की टेकडी आडवी वाटतात, एकाला माथा, एकाला पायथा. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावाने, पायथ्याची काळी माती घेतली आणि वर म्हणाले, "माथ्यावर झाडं हायेतच ना, महागू!" होती तर! खडकातली सालई. आमच्या यजमानांनी हौसेने तिथे सागवान लावलं, ते दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलं. वीतभर माती नाही, मुळं जाणार कुठे? मधल्या मुरमाड उतारावर बांबू येतो, त्याखाली मोह, तळाशी धान. हे आम्ही रडतकढत शिकलो. पुढे भासरे तुमसरला गेले आणि पायथाही आम्हालाच विकून गेले. यजमानांच्या मागे सगळी टेकडी माझ्या नावावर आली.

आता रजत तेच म्हणतो, "माय, वरचं गोटाड नूतनले दे, खालचं मले. तिले कुठी शेती करायची हाय?" नूतनने ते दारातून ऐकलं. दिवाळीपासून भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. माझा जीव तुटतो.

म्हणून टेकडी उभी वाटावी, माथ्यापासून नाल्यापर्यंत. दोघांच्याही पट्टीत खडक, बांबू, मोह, धान, सगळं थोडं थोडं यावं. मोह फुलला नाही तर बांबू सांभाळून घेतो. मध्ये तार नको. सगळ्या उतारावर जेसीबी फिरवून निलगिरी लावणाऱ्याचा हिस्सा दुसऱ्याला जाईल. रजत, हे तुझ्याकडेच बघून लिहिलं आहे बाबा.

३. भासऱ्यांवरचा राग कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्यासोबत जाईल.

४. ताबा घेण्याआधी रजत आणि नूतन यांनी नाल्यातून हद्दीचा दगड वर नेऊन माथ्यावर रोवावा. मजूर लावू नये. रुसून बोलला नाहीत तरी चालेल, पण एकट्याला उचलवेल असा दगड घेऊ नये.

सही: अनुसया महागू शेंडे

आमच्यादेखत सही केली: खेमराज (शेजारी), विमलाबाई (शाळेतल्या सहकारी)

किरनापुर, ११ फेब्रुवारी २०२५