धोंड्याजवळची जागा

लेहतोवारा, ३ ऑगस्ट १९८६

चि. तौनोस,
हिल्काताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

बसच्या पार्सलने एक लांबोडकं खोकं येईल. दचकू नकोस, आत बाबांची रायफल आहे. शिकार मंडळाच्या सभेत ठराव झाला: बाबांच्या मागे शिकारीतली त्यांची धोंड्याजवळची जागा मला. एल्कसारख्या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीत बाई बंदूक घेऊन उभी राहणार हे ऐकून म्होरक्या हेइकुराच्या हातातली कॉफी बशीत सांडली. मी उठून विचारलं, की इतकी वर्षं त्याच एल्कचं मांस आम्ही बायका कापतो, शिजवतो, तुमच्या पानात वाढतो, तेव्हा आमचे हात कुणाला दुबळे वाटले नाहीत, मग आजच कसे वाटायला लागले? मग मतांसाठी हात वर झाले. नियम मात्र जुनाच राहिला, एका घराचा एकच नेमबाज. आपल्या घराची आता मी.

अडचण अशी. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं, ही त्या रायफलीची करामत खरी. पण ती उजव्या हाताच्या माणसांसाठी घडवलेली. मी डावखुरी. रिकामी, तापलेली पुंगळी उडते ती थेट माझ्या गालावर. घोडा इतका जड, की दाबता दाबता नेम सरकतो. दस्ता बाबांच्या लांब हातांच्या मापाचा. तू तिकडे परक्यांच्या बंदुका सुधारतोस, आता जरा घरची सुधार. महिनाअखेरीस मंडळाची नेमबाजीची परीक्षा आहे. त्यात नापास झाले तर हेइकुरा माझ्या नावाने केक कापेल.

भावजय राइलीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
हिल्काताई


लाहती, २० ऑगस्ट

ती. हिल्काताईस,
तौनोचा शि. सा. न. वि. वि.

रायफल आजच्या बसने रवाना केली. घोडा घासून हलका केलाय, आता बोट ठेवलं की ऐकेल. दस्ता कापून तुझ्या खांद्याजोगा केला. नळीखालचं लाकूड थोडं कोरून काढलं, म्हणजे पावसाळी हवेत ते फुगून नळीला ढकलणार नाही. पुंगळीसाठी पितळेची एक पट्टी स्वतः ठोकून बसवली आहे. पुंगळी तिच्यावर आपटून पुढे उडेल आणि तुझा गाल शाबूत राहील. अशी पट्टी कुठल्याच दुकानात मिळायची नाही, ती एकाच डावखुऱ्या बहिणीसाठी बनली आहे. काडतूस चढवणारा बोल्ट ज्याने हलतो, तो नळीखालचा दट्ट्या मात्र मी वंगण घालून बंद केलाय. तो भाग उघडू नकोस, केलेली सगळी जुळणी बिघडेल.

राइलीचं म्हणणं, की ताईंना गोळीची गरजच काय, एल्कसमोर एक भाषण ठोकलं तर ते कंटाळून आपणच आडवं होईल. तिला दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा हवाय.

आमचा कारखाना पुढच्या वर्षी बंद होणार असं बोलतात. तसं झालं तर घरीच परतावं म्हणतो. डोळे मिटले की बाबा ज्याला टेकून एल्कची वाट बघायचे तो धोंडा दिसतो. एकदा मला म्हणाले होते, की ही जागा पुढे तुझी. पण ते राहू दे.

माया असू दे, ही विनंती.

तुझा,
तौनो


लेहतोवारा, ७ सप्टेंबर

चि. तौनोस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पास! एल्कच्या उभ्या चित्रावर आणि धावत्या चित्रावर, दोन्हींवर एकही गोळी बाहेर गेली नाही. पुंगळ्या तुझ्या पट्टीवर आपटून शहाण्यासारख्या पुढे पडत होत्या. हेइकुरा चित्राजवळ जाऊन भोकं बोटाने चाचपून आला. जणू मी ती घरून पाडून आणली होती! मी त्याला म्हटलं, की हे माझ्या भावाच्या हातांचं काम आहे, हवं तर आणखी चाचप. तौनो, त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला, की बाबा असते तर त्यांनाही तेवढा सोसला नसता.

एकच शंका. पहिल्या कडाक्याआधी बाबा दट्ट्या पेट्रोलने धुऊन अगदी कोरडा करायचे. थंडीत वंगण थिजतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तू उघडू नकोस म्हणालास, म्हणून हात आवरला. आता काय करू? स्पष्ट लिही.

मुरंबा पाठवते. आठवण राहू दे.

हिल्काताई


लाहती, १८ सप्टेंबर

ती. हिल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. दट्ट्याला हात लावू नकोस. बाबांची रीत त्यांच्या काळची झाली. हे वंगण नवं आहे, कितीही थंडीत पातळ राहतं. माझ्यावर एवढाही भरवसा नाही का?

मुरंबा पोचला. माया असू दे.

तौनो


लेहतोवारा, २ नोव्हेंबर

चि. तौनोस,
आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. पहाटेपासून कडाक्याची थंडी होती, बर्फ पायाखाली कुरकुरत होतं. मी बाबांच्या धोंड्याला पाठ लावून उभी. कुत्रा भुंकला आणि भला थोरला नर झाडीतून बाहेर आला. पहिली गोळी लागली, पण जरा मागे. दुसरी लगेच झाडायची म्हणून घोडा दाबला, तर काही नाही. बोल्ट अर्ध्यावर येऊन थांबला होता. हाताने ढकलला, हलला नाही. जनावर माझ्याकडे बघत उभं होतं, तौनो. मग लंगडत दलदलीत शिरलं. अंधार पडेपर्यंत आम्ही माग काढला. सापडलं ते दुसऱ्या सकाळी. जिवंत होतं. हेइकुराने गोळी घालून त्याला सोडवलं.

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मंडळाने एवढंच ठरवलं, की शिकारीनंतरच्या गावजेवणाच्या दिवशी माझ्या जागेचा फेरविचार करायचा, घरातलं दुसरं कुणी असेल तर बघायचं.

सभेत मी कधी खाली मान घातली नाही, त्या दिवशी घातली. माझं काय चुकलं? बोल्ट हळू ओढला का? रायफल सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, ओल्या ओसरीत ठेवली, ते भोवलं का? तुला यातलं कळतं. मला सांग, म्हणजे निदान ते जनावर कशापायी रात्रभर तळमळलं हे मला कळेल.

हिल्काताई


लाहती, ९ नोव्हेंबर

ती. हिल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

मनाला लावून घेऊ नकोस. या रायफली नाजूक असतात, हाताला सवय लागते, आणि या वयात ती लागत नाही, यात कमीपणा कसला? तू प्रयत्न केलास, गावाने पाहिलं.

हेइकुराचा फोन आला होता. आपल्या घराची जागा रिकामी राहू नये, असं त्याचं मत पडलं. फार आग्रह केला, म्हणून मी हो म्हटलं. वसंतात आम्ही दोघं तिकडेच येतो. माडीवरची खोली आम्हाला पुरेल. तू रायफल पाठवून दे, मी नीट बघतो. तू मात्र ती उघडू नकोस.

माया असू दे.

तौनो


लेहतोवारा, २४ नोव्हेंबर

तौनोस,

तुझं पत्र वाचलं आणि रायफल उघडली. तीनदा नको म्हणालास, म्हणून उघडली.

दट्ट्यावर नवं वंगण नव्हतं. ट्रॅक्टरच्या चाकात भरतात ते जाड ग्रीस होतं, बोटाने दाबून दाबून भरलेलं. तरी मी तुझ्या बाजूने वकिली केली. स्वतःला सांगितलं, की डबा चुकला असेल, घाई असेल. मग सप्टेंबरातला माझाच प्रश्न आठवला. मी तुला दार उघडून दिलं होतं, तौनो! धुऊन टाक, एवढे दोन शब्द लिहायचे होते. तू मलाच विचारलंस, की भरवसा नाही का.

गावजेवण शनिवारी शाळेत झालं. सगळं गाव एल्कचं सूप पीत होतं. ज्याला मी रात्रभर मरत ठेवलं, त्याचंच सूप. मी रायफल घेऊन गेले, टेबलावर सगळ्यांसमोर सुटी केली आणि दट्ट्या बाहेर बर्फात ठेवून आले. थोड्या वेळाने आत आणला, तर ग्रीसमध्ये चमचा उभा राहिला. कुणाला काही समजावून द्यावं लागलं नाही. भाषणही केलं नाही. राइलीला सांग, एवढं एकदा मला जमलं.

मग त्याच्या फोनबद्दल तू लिहिलंस ते मी वाचून दाखवलं, तेव्हा हेइकुरा उठला. फोन त्याने केलाच नव्हता, म्हणाला. तू केला होतास. तोही ऑगस्टमध्ये, मी परीक्षेत किंवा शिकारीत कमी पडले तर जागा कुणाला जाते हे विचारायला. तेव्हा रायफल तुझ्याच टेबलावर पडली होती.

जागा हवी होती तर मागायची होतीस. मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि कदाचित दिलीही असती. बाबांनी तुला शब्द दिला होता हे मला ठाऊक नव्हतं का? पण तू मागितलं नाहीस. तू माझ्या गालाची काळजी घेतलीस, माझ्या खांद्याचं माप घेतलंस, आणि त्याच हातांनी मला तोंडघशी पाडायची सोय केलीस. शत्रूने ग्रीस भरलं असतं तर मी ते पहिल्याच दिवशी शोधलं असतं. तुझं मी जपून ठेवलं. आणि त्या जनावराने तुझं काय घेतलं होतं?

माडीवरची खोली मी बंद केली आहे. वसंतात येऊ नका.

जागा माझीच राहिली. परवान्यातलं एक जनावर बाकी होतं. काल मी दट्ट्या पेट्रोलने धुतला, कोरडा केला आणि धोंड्याजवळ उभी राहिले. दोन्ही गोळ्या सुटल्या, जनावर जागीच पडलं.

पितळेची पट्टी त्याआधीच काढली होती. ती या पाकिटात आहे. तुझं काम सुरेख आहे, दुसऱ्या कुणा डावखुऱ्याला दे. काल पुंगळी गालावर बसली, फोड आलाय. पण ती समोरून आली, आणि येणार हे मला माहीत होतं.

हिल्का