जाळं ओढायचं गाणं

तोकियो,
१२ फेब्रुवारी १९७३

ती. हात्सुए आत्यास,
कोहेईचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला धुरावलेला मुळा आणि सुके हाताहाता मासे पोचले. मासे शेगडीवर ठेवले तर शेजारच्या खोलीतला विद्यार्थी दार वाजवून विचारायला आला की काही पेटलंय का. त्यालाच दोन खायला घातले, तेव्हा गप्प झाला.

माझ्या रेकॉर्डचं विचारलंस. दुकानात आहे, आणि दुकानातच आहे. चार वर्षं गिटार गळ्यात अडकवून कॉफीच्या दुकानांतून आपली आपण रचलेली गाणी म्हणतोय. कंपनीचा माणूस म्हणतो, आवाज छान, चेहरा छान, गाणी तेवढी जरा हसरी करा. हसायला कारण तर द्या म्हणावं.

आता एक नवीनच निघालंय. एका टीव्ही मालिकेचा दिग्दर्शक मागे लागलाय. गेनझो नावाच्या कोळ्याचं काम करायचं. मी दोनदा नाही म्हटलं. मला नट व्हायचं नाही, गायचंय. तेव्हा त्याने विचारलं, तुमच्याकडचं एखादं गाणं येतं का. मी आपलं जाळं ओढायचं गाणं म्हटलं. त्याचे डोळेच चमकले. म्हणाला, गेनझो दर आठवड्याला हेच म्हणेल. सगळ्या देशाला आपलं गाणं ऐकू जाईल या एका लोभाने मी हो म्हणून बसलोय. पण ते आजीने तुला दिलेलं, तू मला दिलेलं. तुझ्या होकाराशिवाय तोंड उघडणार नाही.

थंडीत गुडघे जपावेत. माझ्यावरचा राग आणि माया दोन्ही आहेत तशीच राहू द्यावीत.

तुझा,
कोहेई

---

इवागासाकी,
२० फेब्रुवारी १९७३

चि. कोहेई यास,
आत्याचे अ. उ. आ.

अक्षर मोठं काढलंय, कारण चष्मा त्सुने सुनेने धुवायला नेला आणि त्यावर बसली. शाळेचं तोंड न पाहता, मासळीच्या खोक्यांवरची नावं वाचत मी अक्षर शिकले, त्यामुळे चुकलं तर तू सुधारून वाच.

गाणं म्हण की रे बाबा. विचारतोस काय? ते काय माझ्या पेटीतलं लुगडं आहे? मात्र दोन गोष्टी ध्यानात धर. एक, ते झपझप म्हणायचं. किनाऱ्यावर चाळीस हात दोराला लागलेले असतात. गाणं रेंगाळलं की दोर सैल, दोर सैल की मासा पसार. दुसरं, एकट्याने म्हणायचं नाही. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ‘ओढ गं ओढ’ म्हणून झेलायची. नाखव्याच्या टकलावर चांदणं पडलं, ही ओळ टीव्हीवर चालेल ना? त्याच्या पुढची चालणार नाही, ती आपल्यातच राहू दे.

तुझा बाप बोटीबरोबर गेला तेव्हा तू दोराच्या वेटोळ्यात झोपायचास आणि हे गाणं थांबलं की रडायचास. असा पोरगा नट होतो की गवई, मला काय फरक? पोटाला नीट खा.

इथल्या सगळ्यांचे आशीर्वाद. खुशाली कळवत जा, नाहीतर मीच येऊन कान धरीन.

हात्सुए

---

तोकियो,
७ ऑक्टोबर १९७३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मालिका तू पाहतेसच, तेव्हा लपवून काय उपयोग? होय, गाणं रेंगाळलंय. होय, मागे व्हायोलिनं रडतायत. दिग्दर्शकाचं म्हणणं, गेनझोची बायको गेलीय, तो सांजवेळी एकटाच जाळं ओढतोय, तिथे टक्कल कुठून आणायचं? मी म्हटलं, एकट्याने ते जाळं ओढून दाखवा. तो म्हणाला, तुम्ही नट फार चांगले आहात, कोहेईसान. हे त्याचं उत्तर.

आता रस्त्यात पोरीबाळी ‘गेनझोसान’ म्हणून हाक मारतात. ओसाकाला माझ्या स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. सभागृह भरलं, आणि लोक औषध घेतल्यासारखी माझी गाणी ऐकून घेऊन गेनझोच्या गाण्याची वाट बघत बसले. आत्या, चार वर्षं कोणी ऐकत नव्हतं तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं.

म्हणून एक ठरवलंय. खरं गाणं रेकॉर्ड करायचं, आपल्या किनाऱ्यावर. ओळ तू टाकायचीस, झेलायला तोमे आणि कियो. तुम्हा तिघींखेरीज जुनी चाल आता कोणाला येते? कंपनी कबूल आहे. अट एवढीच, की ते ‘इवागासाकीचं लोकगीत’ म्हणून छापायचं तर तिथल्या लोकगीत जतन मंडळाची संमती हवी. मी हसलोच. आपल्या गावात तिघांचं चहाच्या वेळेवर एकमत होत नाही, तिथे मंडळ कधी झालं? कळव.

पायांना तेल लावत जावंस. तुझ्या शिव्यांची सवय आहे, त्या बंद करू नयेस.

कोहेई

---

इवागासाकी,
१९ नोव्हेंबर १९७३

चि. कोहेई यास,
अ. उ. आ.

मंडळ झालंय रे. खाणावळवाले ओनोदेरा अध्यक्ष. तुझी मालिका लागल्यापासून बसगाड्या भरभरून माणसं येतात, गेनझो कुठे उभा राहून गायचा ते विचारतात. तो खडक कुठल्यातरी दुसऱ्याच किनाऱ्यावरचा, पण ओनोदेरांनी आपल्या इथला एक नेमून दिलाय. पाहुण्यांना संध्याकाळी गाणं ऐकवायला हवं, म्हणून मंडळ. शहरातून एक मास्तर आणलेत. त्यांनी मालिका ऐकून ऐकून गाणं उतरवलं, श्वास कुठे घ्यायचा, मान कुठे वळवायची सगळं ठरवलं. त्याच्या परीक्षा असतात. पास झालं की लाकडी पाटी मिळते, ती दारावर लावायची.

आता हस. मीही परीक्षेला बसले. म्हटलं, आपल्याच विहिरीचं पाणी, एक पाटी आपल्याही दाराला. दोन ओळी म्हटल्या तर मास्तरांनी हात वर केला. फार गोड माणूस. म्हणाले, आजीबाई, उत्साह दांडगा आहे, पण तुमची चाल चुकीची पडते. घाई करू नका, समुद्र डोळ्यासमोर आणा. पन्नास वर्षं मी दुसरं काय समोर ठेवलं होतं, विचारायचं होतं, पण मागे रांग होती. मला नवशिक्यांच्या वर्गात घातलंय. माझ्या शेजारी त्सुने बसते आणि मला कोपराने ताल दाखवते. चष्म्यावर बसणारी बाई मला ताल दाखवते!

तुझ्या रेकॉर्डचं मी ओनोदेरांकडे काढलं. ते म्हणाले, कोहेई आपलाच आहे, त्याने येऊन मंडळापुढे गाऊन दाखवावं, म्हणजे रीतसर होईल. तेव्हा फेब्रुवारीत ये. बर्फाचे बूट आण.

तुझी वाट पाहणारी, आणि तोवर मान वळवायला शिकणारी,
हात्सुए

---

तोकियो,
२४ फेब्रुवारी १९७४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शिरसाष्टांग या खेपेला लिहीत नाही. रागावलोय.

त्या दिवशी तू तिथेच होतीस, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय ते डोक्यातून जाणार नाही. समाजमंदिरात मी मांडी घालून बसलो, आजीसारखं झपझप सुरू केलं. तिसऱ्या ओळीला मास्तरांनी घंटी वाजवली. घंटी, आत्या, हौशी लोकांच्या स्पर्धेत वाजवतात तशी. ओनोदेरा समजुतीने म्हणाले, तोकियोत राहून पोराची चाल बिघडली, मालिकेतला गेनझो किती शुद्ध गातो. मी म्हटलं, तो गेनझो मीच आहे. त्यावर त्यांनी जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही: “मग तर तुला ती चाल यायलाच हवी होती.”

आणि कोणी हसलंही नाही. मला वाटलं, आता आत्या उठेल. तोमे आणि कियोला दोन्ही हातांनी धरून उभी करील, नाखव्याचं टक्कल काढील, आणि घंटीवाल्याला घंटीसकट समुद्रात घालील. तू कपातल्या चहाकडे बघत बसलीस. बसथांब्यावरही ‘मफलर नीट गुंडाळ’ एवढंच बोललीस.

तुम्ही तिघी गेलात की ते गाणं गेलं. मग राहील ते व्हायोलिनवालं, आणि ते बिघडवणारा मीच. मला दुसऱ्या मालिकेत पोलिसाचं काम देतायत, वर्षानुवर्षं चालणारं. घेऊन टाकतो. पोलिसाला गावं लागत नाही.

तब्येत सांभाळ. हे रागातही लिहितो.

कोहेई

---

इवागासाकी,
३ मार्च १९७४

चि. कोहेई यास,
अ. उ. आ., तुला नको असले तरी.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्सुनेने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं बर्फाचं लिहिलंय.

मी का उठले नाही ते सांगते. उठणार होते. टाचा टेकल्यासुद्धा होत्या. मग समोर नजर गेली. शेवटच्या रांगेत पुरुष बसले होते. कोहेई, फेब्रुवारीत आपल्या गावात पुरुष कधी पाहिलास? कापणी झाली की सगळे तुमच्या तोकियोत खड्डे खणायला, बोगदे पाडायला जायचे, वसंतात परतायचे. काही परतायचेच नाहीत. तोमेचा थोरला असाच राहिला ना मातीखाली. या हिवाळ्यात खाणावळी भरल्या म्हणून ते घरी आहेत. कोणी बर्फ उपसतो, कोणी पाहुण्यांना मासे भाजून देतो. त्सुनेचा नवरा, माझाच लेक, लग्नानंतर पहिल्यांदा हिवाळ्यात घरी जेवला. त्सुने गाते ते वाईटच गाते. पण ती कशासाठी मान वळवते ते मला माहीत आहे. तिच्या ताटात मी माती कशी कालवू? तोमेला मी विचारलं होतं, उठायचं का? ती म्हणाली, नातवाचा बाप घरी आहे, बस खाली.

मला राग येत नाही असं समजू नकोस. रात्री उशी चावते. त्या मास्तराची घंटी दिसली तरी हात शिवशिवतात. पण आपलेच दात नि आपलेच ओठ, चावायचं कोणाला?

म्हणून दुसरं सुचलंय. मंडळाने नाही म्हटलं ते ‘इवागासाकीच्या लोकगीताला’. माझी चाल चुकीची, म्हणजे ते लोकगीत नव्हेच, असं त्यांनी भरसभेत सांगितलं. मग ते तुझंच आहे की. तू गाणी रचतोसच. तुझं नवं गाणं म्हणून छाप. वर तुझं नाव घाल. मग संमती कोणाची लागते?

पोलीस होऊ नकोस. तुला शिट्टीसुद्धा नीट येत नाही.

तुझ्या रागासकट तुला जवळ धरणारी,
हात्सुए

---

तोकियो,
११ जून १९७४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तीन महिने उत्तर दिलं नाही. आजीच्या गाण्यावर माझं नाव? आयुष्यात एकदा खरं गायला निघालो, तर त्याच्यावरच खोटा शिक्का. कंपनीत भांडलो. नुसतं ‘जुनं गाणं’ म्हणून छापा म्हटलं. ते म्हणतात, कुठलं जुनं ते सांगा आणि त्या गावचा कागद आणा. तुझं नाव घालावं तर त्सुनेला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

गेल्या आठवड्यात कियो गेल्याचं तू कळवलंस. ते वाचलं, पोलिसाचं काम परत केलं आणि कंपनीत जाऊन सही केली. गीत, संगीत, कोहेई. पुढच्या महिन्यात ध्वनियंत्र घेऊन येतो. तुझ्या मागच्या परड्यात, दार लावून, तू आणि तोमे. नावं कुठेही येणार नाहीत. मला क्षमा कर, की आशीर्वाद दे, काय मागावं तेच कळत नाही.

कोहेई

---

इवागासाकी,
१५ डिसेंबर १९७४

चि. कोहेई यास,
अ. उ. आ.

हाताहाता मासे आले, दरवर्षी गडगडाटाबरोबर येतात तसेच. आकाश गडगडलं आणि किनारा चंदेरी झाला. सगळ्या बायका मासे जाळ्यातून सोडवायला लागल्या होत्या. खाणावळीतल्या रेडिओवर तुझं गाणं लागलं. ठसक्यात म्हणणारी ही बाई कोण, असं सगळ्या विचारतात. मी म्हणते, असेल कोणी तोकियोची.

ओनोदेरा बाहेर येऊन म्हणाले, कोहेईने पैशासाठी हे काय थिल्लर रचलंय, आपल्या गंभीर गाण्याची टवाळी आहे, मंडळातल्या कोणी म्हणू नये. शहरातल्या वर्तमानपत्रानेही लिहिलंय म्हणे, की गेनझोच्या दुःखाची खोली या नव्या रचनेला नाही. मला इतका संताप आला की दोन मासे पिळून फेकले. तुझ्या आजीने ऐकलं असतं तर त्या छापखान्यात शिरली असती. ओनोदेरांना तुझ्याबद्दल असं बोलताना ऐकलं, आणि आजही मी गप्प बसले. याचं ओझं माझ्याकडे राहू दे, तू घेऊ नकोस.

पण पुढचं ऐक. ओनोदेरा आत गेले. थंडीने बोटं आखडलेली, कामाचा डोंगर. आणि त्सुनेने, परीक्षा पास होऊन पाटी मिळवलेल्या त्सुनेने, हळूच तुझी पहिली ओळ टाकली. मंडळाच्या गाण्यावर मासे सुटत नाहीत रे, हात थांबतात. दुसरीने झेललं, मग सगळ्यांनी. नाखव्याचं टक्कल सगळ्या किनाऱ्यावर चमकायला लागलं. तोमे माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना.

मी मान खाली घालून मासेच सोडवत राहिले. तर त्सुने वळून म्हणाली, “सासूबाई, तुम्ही मागे पडताय. हे गाणं नवीन आहे, भराभर म्हणायचं असतं. सोपं आहे, मी शिकवते.”

मी तिच्याकडून शिकले.

हात्सुए