पुराचा धोंडा

काठवाडी, १२ फेब्रुवारी १९६४

चि. सौ. सत्यवतीस भिकाजीदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे सुके बांगडे पोचले आणि हुद्दार साहेबांनी चाटूनपुसून खाल्ले. हे साहेब रेल्वेच्या पुलासाठी आमची नदी मोजायला आलेत. दोन-तीन वर्षांमागं पलीकडच्या काठावर पोर्तुगीज शिपाई बंदूक रोखून असायचा, आता तिथून आगगाडी येणार म्हणे!

मोठ्यात मोठा पूर कुठवर चढला होता, असं साहेबांनी विचारलं. मी आपला पुराचा धोंडा दाखवला. आजोबांनी पाण्याच्या खुणेवर ठेवलेला, नारळी पौर्णिमेला आपलं घराणं नारळ फोडतं तोच. साहेब म्हणाले, पाणी एवढंच चढत असेल तर पूल इथंच. करंजाच्या सावलीत धोंड्यावर बसून ते वही लिहितात. तळही तिथंच, थोडा वर टाकलाय. भावोजींना सांग, आता आगगाडीनंच यायचं, होडी विकायला काढा.

घरी सर्वांस आशीर्वाद. येत जा, नुसतं लिहू नको.

तुझा,
भिकाजीदादा

देवबाग, २८ जुलै १९६४

ती. दादांस सत्यवतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पुरात साहेबांचा तळ वाहून गेल्याचं बाजारात कळलं. माणसं वाचली, देवाची कृपा. पण सगळे नकाशे गेले, आणि खूण नीट न तपासल्याचा ठपका ठेवून साहेबांना कामावरून काढलं म्हणतात.

दादा, एक विचारते, रागावू नको. धोंडा तर करंजाच्या दहा हात वर होता. लहानपणी मी तिथून खाली धावत येऊन करंजाला शिवायची. साहेब करंजाखाली धोंड्यावर कसे बसत होते?

उत्तराची वाट पाहते.

सत्यवती

काठवाडी, ६ ऑगस्ट १९६४

चि. सौ. सत्यवतीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि बायकोपासून लपवून ठेवलं. धोंडा मीच खाली लोटला गो. पूर फार चढतो असं दिसलं तर पूल दुसऱ्या गावाला जाईल, ही भीती. आपल्या गावाचं भलं करतोय असं वाटत होतं.

खालची माती ताजी कशी, असं साहेबांनी विचारलंही. रानडुकरांनी उकरलं म्हणालो. त्यांनी मान डोलावली. माझ्या घरचं जेवत होते, खोटं कसं धरतील? आता मेल्याहून मेल्यासारखं झालंय. गावात सगळे म्हणतात, धोंडा पुरानंच खाली आणला. मी गप्प आहे.

तुझा,
दादा

देवबाग, १२ ऑगस्ट १९६४

ती. दादांस सा. नमस्कार.

माझे सुके बांगडे खाऊ घालून त्या माणसाचा विश्वास मिळवलास, याची मलाच लाज वाटते. रेल्वेच्या कचेरीला खरं ते लिही. आणि पौर्णिमेला धोंडा वर चढवाल, तेव्हा गावालाही सांग. लोभ आहेच, पण आज राग जास्त आहे.

सत्यवती

काठवाडी, २५ ऑगस्ट १९६४

चि. सौ. सत्यवतीस आशीर्वाद.

कचेरीला रजिस्टर पत्र टाकलं, साहेबांचा दोष नाही म्हणून. उत्तर नाही. पुलाच्या खुंट्या उपटून नेल्या, दुसरीकडे बघणार म्हणतात.

पौर्णिमेला धोंडा वर न्यायला जमलो. खाली लोटताना मी एकटा पुरलो होतो, वर न्यायला चौघे लागले. अर्ध्या चढावर शेजारचा बाबली म्हणाला, पुराची ताकद बघा. मी म्हटलं, "पुरान नाय रे. मियां लोटलो."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे न बघता त्यांनी धोंडा वर नेला, यंदाचं पाणी चढलं तिथं ठेवला. मी नारळ पुढं केला, तर बाबलीनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः फोडला. आजोबांपासूनचा मान गेला. यापुढं त्याच्याच घरचा नारळ.

खोबऱ्याचा तुकडा मात्र त्यानं सर्वांत आधी मला दिला. खाववला नाही गो. अजून सदऱ्याच्या खिशात आहे.

राग ओसरला की दोन ओळी लिही.

तुझा,
भिकाजी