खंडेनवमीचा विळा आणि चुंबकमापक यंत्र

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
भूचुंबकीय मापन प्रकल्प, अमरावती.

विषय : कु. प्रणाली इंगोले यांच्या नोंदी रद्द न करता दोष अर्जदाराच्या नावे टाकणेबाबत.

संदर्भ : दि. १ ऑक्टोबर २०२५ रोजीचा 'लोखंड आणले नाही' हा अर्जदाराचा लेखी जबाब.

महोदय,

१. अर्जदार मूर्तिजापूर केंद्रावर चौकीदार असून, यंत्राजवळ लोखंड येऊ न देणे एवढेच त्याचे काम आहे. त्यापायी तो पट्ट्याचे बकल सोडून नाडीच्या पायजम्यावर नोकरी करतो. येथील जमिनीखालचे खारे पाणी वीज वाहून नेते, म्हणून चुंबकीय क्षेत्राचे चढउतार येथे कोरड्या खडकापेक्षा निराळे दिसतात, हे येथे नोंदी घेणाऱ्या प्रणालीबाईंनी त्यास तीनदा समजावले. अर्जदाराने तीनदा मान डोलावली, पैकी एकदा समजून.

२. खंडेनवमीला घरोघरी अवजारे पुजतात. सरकारी यंत्र बिनपूजेचे राहू नये म्हणून अर्जदाराने त्यास हळदकुंकू वाहिले व जोडीला स्वतःचा विळा मांडला. सकाळी मांडला, दिवेलागणीला उचलला. तेवढा वेळ आलेखाची रेघ ओट्यासारखी वर चढून राहिली. रात्री आलेख पाहून बाईंनी विचारले, "काका, लोखंड आणलं होतं का?" अर्जदाराने छातीठोकपणे 'नाही' लिहून सही केली. त्याच्या मते ते खोटे नव्हते. पूजेत मांडलेला विळा त्या दिवशी लोखंड नसतो, देव असतो.

३. पुढे आठवडाभर, आपल्या पायाखाली काही अजब दडले आहे असे पानठेल्यावर सांगून अर्जदाराने फुकटचा खर्रा खाल्ला. इकडे लोखंड नाही, दुसरे कारणही सापडेना, म्हणजे मोजणीच चुकली असे धरून बाईंच्या तीन महिन्यांच्या नोंदी रद्द करून त्यांना घरी पाठवण्याचे पत्र आले. ते ऐकून अर्जदाराची पत्नी तानुबाई म्हणाली, "देव मानला तं मानला. पन सोयाबीन सोंगता त्या इळ्यानं, तवा लोखंडच असते ना थो?" जे बाईंनी तीन महिने शिकवले, ते घरी एका वाक्यात कळले.

४. 'काका खोटं बोलत नाहीत' असे बाईंनी आपणास लेखी कळवले होते, व त्यामुळेच त्या अडकल्या. याची अर्जदारास फार लाज वाटते.

तरी तो एक दिवस वगळून बाकी नोंदी ग्राह्य धराव्यात व अर्जदारास कामावरून कमी करावे. विळा यंत्राजवळ ठेवून खात्री करावी. विळा परत मिळाला नाही तरी चालेल, बाई मात्र परत याव्यात.

बकलाविना हजर असलेला आपला नम्र,
जानराव नत्थुजी काळमेघ
दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत : विळा, नग एक (कुंकू पुसलेले नाही).