रानखसखशीचा लाल

३ एप्रिल
आज तुला पूर्ण नावाने हाक मारली — माझ्या आडनावासकट, तुझ्या रंगाच्या रिकाम्या दुकानात. तुला अग्नी दिल्यानंतर पहिल्यांदाच. मी काचेच्या कपाटावर डबा फेकला. काचा उचलताना तळहात चिरला. रक्त पाहून पहिला विचार असा आला, की हा तुझा लाल नव्हे!

४ एप्रिल
तुझा तो लाल! कुंपणामागे माजणाऱ्या रानखसखशीचे नाव तू त्याला दिलेस. मापाविना, नुसत्या नजरेने कालवायचीस. शेवटी नखभर हिरवा. तो आता कोणालाही साधणार नाही, याविषयी माझी खात्री आहे.
तुझ्या धाकट्या भावाची नाही. "भाऊजी, दुकान विकू नका. ताईनं हात धरून शिकवलंय मला."
मी म्हणालो, "तो लाल करून दाखव. जमला तर किल्ल्या तुझ्या. नाहीतर दुकान विकतो."

५ एप्रिल
झोप नाही. कुंपणामागची बरीच फुले मुळासकट उपटून पायांखाली चिरडली. ती फुलतातच कशी?

७ एप्रिल
त्याने फळी रंगवून समोर धरली. गाजराच्या सालीसारखा काहीतरी फिका, निर्लज्ज रंग! आणि हा गृहस्थ हसतो आहे! "जरा थांबा हं, भाऊजी —"
मी थांबलो नाही. डबे उघडायची लोखंडी पट्टी हाताशी होती. त्याच्या उजव्या पंजावर घातली. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तो ओरडला — "ताई गं!" त्या हाकेने माझे भानच सुटले. तुला हाक मारण्याचा हक्क फक्त माझा! पुन्हा मारले. पुन्हा. बादली लवंडली, तो त्या लालात कोसळला.
शेजारच्या सुताराने मला मागून आवळले. "अहो सर, माणूस आहे तो, खिळा नाही!"

८ एप्रिल
तीन बोटे मोडली आहेत. डॉक्टर म्हणाले, "हाडं जुळतील. पकड येईल का, ते आज नाही सांगता येणार." त्याने त्यांना सांगितले, की हातावर पिंप पडले.
मला पश्चात्ताप झालेला नाही. हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. उद्या ती फळी फोडायची आणि गिऱ्हाईक शोधायचे.

९ एप्रिल
घरून कुऱ्हाड घेऊन गेलो. फळी भिंतीला टेकलेली होती. वाळली होती.
उचललेली कुऱ्हाड तशीच राहिली. धावत कुंपणामागे गेलो, वाचलेले एक फूल तोडून आणले, फळीवर ठेवले. ठेवले, आणि दिसेनासे झाले.
हा रंग ओला असताना फिका दिसतो. वाळला की गडद होतो. कितीदा हसली असशील मला! "अहो, ओल्या रंगावर कसलं मत देता? कॉलेजातले पेपरही असेच तपासता का?"
जरा थांबा, एवढेच तो म्हणत होता.

१० एप्रिल
काचा झाडल्या. फळी दर्शनी भिंतीवर लावली. दाराला कुलूप घातले आणि किल्ल्या तुझ्या भावाकडे सुपूर्द केल्या. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्याने डावा पुढे केला.